शून्याजवळचे नेत्र आणि त्यांचे वाचक

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर शतकानुशतके लोकांच्या डोळ्यांसमोर होते. त्याच्या काठाने देवळे उभी राहिली, त्याच्या खाऱ्या पाण्यातून क्षार काढण्याचा धंदा चालला, १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अंमलदाराने त्याची दखल घेऊन ते विद्वानांच्या नजरेस आणले, आणि तरीही हे ज्वालामुखीचे मुख आहे की आकाशातून कोसळलेल्या पाषाणाचा घाव आहे, याचा निवाडा पुढे दीडशे वर्षे झाला नाही. तो झाला १९७३ साली, जेव्हा फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांनी, प्रचंड आघाताच्या दाबाखाली काचरूप पावलेले खनिज येथील बेसाल्टात ओळखले आणि ही साक्ष जगापुढे मांडली. वस्तू डोळ्यांपुढे असणे वेगळे आणि तिचे वाचन होणे वेगळे. मिलिमीटर-तरंगांच्या खगोलशास्त्राचा इतिहास पाहू जाता नेमके हेच अंतर त्यात पुन्हापुन्हा आढळते: आकाशातील अतिक्षीण उष्णता टिपणारा नेत्र तयार होता, पण त्या नेत्राने काय पाहिले हे वाचणारी यंत्रणा नसल्यामुळे तो अर्धशतकाहून अधिक काळ निरुपयोगी पडून राहिला. त्या वाचकाची हकीकत सहसा कोणी सांगत नाही. तिचे काही धागे महाराष्ट्रातून गेले आहेत, म्हणून ती येथे थोड्या विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे.

ज्या मेघांतून नवे तारे जन्म घेतात त्यांतील धूलिकण निरपेक्ष शून्याच्या वर अवघे १० ते २० अंश तापलेले असतात, आणि विश्वाच्या आरंभकाळचा जो प्रकाश आज सर्व दिशांनी आपल्याकडे येतो त्याचे तापमान तर पावणेतीन केल्विनच्या आतच आहे. इतक्या थंड पदार्थांचे प्रारण दृश्य प्रकाशात मुळीच नसते. धुळीचे ते मिलिमीटरच्या अंशांपासून मिलिमीटरपर्यंत पसरलेले असते, तर त्या आद्य प्रकाशाचा ऐन भर एक ते दोन मिलिमीटरांच्या आसपास असतो. पृथ्वीवरील उत्तम दुर्बिणीने ते गोळा केले, तरी एका संवेदकाच्या वाट्याला येणारी शक्ती पिकोवॅटांत मोजावी लागते, आणि एक पिकोवॅट म्हणजे एका वॅटचा एक लाख कोटीवा भाग. त्यातही बहुतेक वाटा आपल्याच वातावरणाचा आणि आपल्याच दुर्बिणीच्या उबेचा असतो. ज्याचा शोध घ्यायचा तो आकाशीय अंश त्याच्याही सहस्रांशाने किंवा त्याहून कमी असतो.

या तरंगांशी भारताचा परिचय फार जुना आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये अशाच आखूड तरंगांच्या बळावर दूर अंतरावरील घंटा वाजवून दाखविली, १८९७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांवर व्याख्यान दिले, आणि गॅलेना या खनिजाच्या स्फटिकाचा संवेदक म्हणून उपयोग करण्याचे पेटंट त्यांना १९०४ साली मिळाले. त्यांचे तरंग काही मिलिमीटर लांबीचे होते. त्यांचे नळकांडे, त्यांची भिंगे आणि त्यांचे प्रिझम आजच्या मिलिमीटर-दुर्बिणींच्या अंतर्भागाशी इतके जवळचे दिसतात की, मधली शंभर वर्षे या क्षेत्रात कोणी काही केलेच नाही असा भास व्हावा. त्यांच्या थोडे आधी, १८८० च्या सुमारास, अमेरिकेत सॅम्युअल लँग्ली यांनी बोलोमीटर सिद्ध केला होता. प्लॅटिनमची एक अत्यंत पातळ पट्टी उन्हाने तापली की तिचा विद्युत्-रोध किंचित वाढतो; ही वाढ सेतुमंडलात घालून गॅल्व्हॅनोमीटरच्या काट्यावर वाचायची, एवढीच त्याची कृती. पुढील अनेक अतिशीत संवेदक या पट्टीचेच वंशज आहेत.

पट्टीचा रोध तापमानाबरोबर जितक्या झपाट्याने बदलेल तितकी ती तीक्ष्ण. मग १९११ साली लायडेन येथे हाइके कामर्लिंग ओनेस यांनी पारा द्रव हेलियमच्या तापमानास, म्हणजे सुमारे ४.२ केल्विनला, नेला असता त्याचा रोध एकाएकी संपूर्ण नाहीसा झाल्याचे पाहिले, तेव्हा अशा पट्टीचा आदर्श नमुनाच जणू निसर्गाने पुढे केला. अतिसंवाहक होण्याच्या ऐन सीमेवर धातूस धरून ठेवले, तर तापमानातील सहस्रांश अंशाच्या फरकाने त्याचा रोध शून्यापासून पूर्ण किमतीपर्यंत उसळी घेतो. जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठातील डोनाल्ड अँड्र्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ साली टँटलमची तार अशा सीमेवर ठेवून तिने अवरक्त प्रारण मोजूनही दाखविले. नेत्र तयार झाला.

तथापि तो वाचणार कोणी? सीमेवरील त्या तारेचा रोध इतका अल्प असे की त्या काळच्या प्रवर्धकांच्या पदरी तिचा संकेत पडण्याऐवजी त्यांचा स्वतःचाच गलबला त्यावर चढे; आणि ती सीमा इतकी अरुंद की तापमान रेसभर ढळले तरी तार एक तर पूर्ण अतिसंवाहक होई, नाही तर पूर्ण सामान्य, आणि दोन्ही अवस्थांत ती आंधळीच. म्हणून १९६१ साली फ्रँक लो यांनी जर्मेनियमच्या कणाचा शीत बोलोमीटर केला, तेव्हा खगोलशास्त्रज्ञांनी तोच पत्करला. त्याची तीक्ष्णता कमी, परंतु त्याचा रोध मोठा, म्हणून साध्या ट्रान्झिस्टरी प्रवर्धकाने तो वाचता येई. पुढील तीन दशके या क्षेत्रात संवेदकाची निवड अशी वाचकाच्या सोयीने होत राहिली, आणि मला ही गोष्ट फार उद्बोधक वाटते.

वाचक जन्मास आला तो एका तरुणाच्या कागदावरील गणितातून. १९६२ साली केंब्रिजमधील बावीस वर्षांच्या ब्रायन जोसेफसन यांनी असे भाकीत केले की, दोन अतिसंवाहकांमध्ये अत्यंत पातळ अडसर ठेवला तरी प्रवाह कोणत्याही विद्युत्-दाबाविना त्यातून पलीकडे जाईल. आणि दोनच वर्षांनी अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत असे दोन अडसर असलेले अतिसंवाहक कडे बनविले गेले, ज्याला आज सर्वत्र स्क्विड म्हणतात. कड्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र यत्किंचितही बदलले तर कड्यावरील विद्युत्-दाब बदलतो. म्हणून संवेदकाचा प्रवाह शेजारच्या छोट्याशा वेटोळ्यातून नेला की कडे तो वाचते. मुख्य म्हणजे हा वाचक स्वतः थंड असतो, संवेदकाच्या शेजारीच राहतो, आणि त्याला अल्प रोधाचे वावडे नाही. उरलेली अडचण, म्हणजे सीमेवर स्थिर राहण्याची, स्टॅनफर्डमध्ये काम करीत असलेल्या केंट अर्विन यांनी १९९५ साली सोडविली, तीही इतक्या साध्या तजविजीने की ती आधी कोणास कशी सुचली नाही याचे नवल वाटावे. तारेतून ठरावीक प्रवाह न सोडता तिच्यावर ठरावीक दाब ठेवायचा. प्रारण पडले, तार तापली, रोध वाढला, की ठरावीक दाबाखाली तिला मिळणारी विद्युत्-उष्णता आपोआप घटते आणि तार पूर्वपदावर येते; ही जी घट होते तीच पडलेल्या प्रारणाची मोजदाद. अँड्र्यूज यांच्या तारेस त्रेपन्न वर्षांनी असा वाचकही मिळाला आणि लगामही.

इकडे महाराष्ट्रात याच सुमारास काय चालले होते, ते सांगण्यापूर्वी वातावरणाची अडचण सांगितली पाहिजे. पाण्याची वाफ मिलिमीटर-तरंगांना गिळते, आणि तरंग मिलिमीटरहून जितके आखूड तितकी ही भूक मोठी. उदाहरणार्थ, बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले, हवा थंड म्हणून इंग्रजांनी जिल्ह्याचे ठाणे येथे मुक्रर केले. पण आषाढात घाटमाथ्यावर ढग उतरले म्हणजे या तरंगांच्या दृष्टीने त्या आकाशाची भिंत होते, आणि माघातील निरभ्र रात्रीही हवेत उरलेली वाफ आखूड तरंगांना पुरेशी आडवी येते. म्हणून हवाईचे मौना केआ, चिलीचे आटाकामा, दक्षिण ध्रुव अशी अतिउंच किंवा अतिशुष्क ठिकाणे शोधावी लागतात. किंवा दुर्बीणच हवेच्या वर न्यावी लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हा दुसरा मार्ग धरला. कुलाब्याच्या संस्थेत बांधलेली १०० सेंटिमीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण हैदराबादेतील बलून-तळावरून अवाढव्य फुग्याला टांगून रात्री सोडायची, सुमारे ३१ किलोमीटर उंचीवर, जेथे जवळजवळ सगळे वातावरण पायाखाली राहते, तेथे तिने ताऱ्यांच्या जन्मस्थानांचे निरीक्षण करायचे, आणि मग छत्रीने उपकरण भूमीवर उतरवून शोधून आणायचे, असा हा उपक्रम होता. १९९० च्या दशकात या दुर्बिणीच्या नाभीशी बारा सिलिकॉन बोलोमीटर बसविलेले होते, सहा १५० मायक्रोमीटरच्या आणि सहा २१० मायक्रोमीटरच्या आसपासच्या पट्ट्यासाठी, आणि ते सारे हेलियम-३ च्या बंद शीतकाने ०.३ केल्विनला नेलेले असत. दुय्यम आरसा सेकंदाला दहा वेळा हलवून आकाशाचा एक ठिपका आणि त्याच्या शेजारचा ठिपका आळीपाळीने पाहायचा, आणि दोहोंतील फरक तेवढा नोंदायचा, अशी त्याची वाचनपद्धती; हवेचा आणि दुर्बिणीचा सामाईक उजेड त्यात आपोआप वजा होई. हे प्रारण खरे पाहता मिलिमीटरच्या उंबरठ्याबाहेरचे, दूर-अवरक्त, आणि ते संवेदक अतिसंवाहकही नव्हते. तरी अंशाच्या दशांशातील थंडी, तिच्यातून निघणाऱ्या तारा, आणि तारांच्या दुसऱ्या टोकास ताटकळणारा वाचक, हा सगळा संसार मराठी मुलखात त्या कुलाब्याच्या कर्मशाळेत मांडला गेला.

बारा संवेदकांना बारा स्वतंत्र वाटा देता येतात. बारा हजारांना देता येत नाहीत. कोणतीही तार विजेबरोबर उष्णताही वाहते. तिचे एक टोक उबदार खोलीत आणि दुसरे ०.१ केल्विनवर असेल, तर तिच्यातून झिरपणारी उष्णता शीतकाला उपसून काढावी लागते, आणि इतक्या खोलवर त्या शीतकाची उपसण्याची ताकद मायक्रोवॅटांच्या घरात असते. मौना केआवरील जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीवर १९९७ साली बसविलेल्या स्कूबा या कॅमेऱ्यात १२८ बोलोमीटर होते, तेव्हा ते जगात आघाडीचे गणले गेले. त्याच्यापुढे जायचे तर अनेक संवेदकांचे वृत्त एकाच तारेवरून आणणे अटळ होते, आणि येथून वाचनकलेचा खरा भरभराटीचा काळ सुरू झाला. कोलोरॅडोतील बोल्डरच्या राष्ट्रीय मानक संस्थेने प्रत्येक संवेदकास एक स्क्विड देऊन, ओळीतील स्क्विड एकामागून एक क्षणभर जागे करण्याची योजना केली. गुरुजींनी वर्गात हजेरी घ्यावी, एकाने ‘उपस्थित’ म्हणेपर्यंत बाकीच्यांनी गप्प राहावे, तसा हा प्रकार. बर्कलेच्या मंडळींनी निराळी वाट चोखाळली: प्रत्येक संवेदकास आपापल्या वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह द्यायचा, त्याच्यासोबत त्याच वारंवारतेला अनुनादणारे मंडल जोडायचे, आणि सर्वांचे प्रवाह एका तारेवर एकत्र करून एकाच स्क्विडमधून न्यायचे, मग वर उबदार खोलीत वारंवारतेवरून ज्याचे त्याचे वेगळे करायचे. पहिल्या पद्धतीने २०११ साली स्कूबा-२ दहा हजारांहून अधिक संवेदकांनिशी कामास लागला. दुसरीने दक्षिण ध्रुवावरील दहा मीटर व्यासाची दुर्बीण विश्वाच्या आद्य प्रकाशाचे नकाशे काढू लागली.

वाचक चुकला तर काय होते, याचा दाखला प्लँक या युरोपीय उपग्रहाने दिला. २००९ साली सोडलेल्या या उपग्रहाच्या उच्च-वारंवारता उपकरणात ५२ बोलोमीटर ०.१ केल्विनवर होते, आणि त्या संवेदकांबद्दल कोणाची तक्रार नव्हती. दोष निघाला तो त्यांचा संकेत अंकांत बदलणाऱ्या परिवर्तकात: त्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नव्हत्या, आणि हे उड्डाणानंतर ध्यानात आले. आद्य प्रकाशातील ज्या फरकांचा शोध घ्यायचा ते मुळात लक्षांश भागांचे. त्यांच्या मानाने पायऱ्यांचा हा उणेअधिकपणा दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. २०१२ च्या जानेवारीत हेलियम संपून उपकरण थंड राहीनासे झाले, आकाश पाहणे थांबले. पण इलेक्ट्रॉनिक्स चालूच होते. तेव्हा शास्त्रज्ञांनी उबदार झालेल्या संवेदकांचा नुसता गोंगाट महिनोन्‌महिने नोंदवून घेतला आणि त्यावरून त्या परिवर्तकाची एकेक पायरी मोजून काढून जुन्या नोंदी दुरुस्त केल्या. प्लँकच्या सहकार-मंडळात पुण्याच्या आयुका संस्थेतील तरुण सौरदीप होते. ज्या नकाशांवर विश्वाचे वय आणि घटक ठरले, त्यांच्या विश्वासार्हतेचा एक मोठा हिस्सा या रुक्ष, चिकाटीच्या मोजदादीला द्यावा लागतो.

२००३ साली कॅलटेक आणि जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतील पीटर डे, हेन्री लेड्यूक, बेंजामिन मॅझिन, व्हायोनाकिस आणि जोनास झ्मुइड्झिनास यांनी याही पुढची कल्पना मांडली, आणि तिच्यामुळे हा विषय आपल्या मुलखातील खोडद या गावापर्यंत येऊन पोहोचतो. अतिसंवाहकातील इलेक्ट्रॉन जोडीजोडीने वाहतात. प्रारणाने काही जोड्या फुटल्या की उरलेल्यांची प्रवाह-बदलास विरोध करणारी जडता, म्हणजेच गतिज प्रेरकत्व, किंचित वाढते. म्हणून ॲल्युमिनियमच्या पातळ थरातून कोरलेले छोटेसे अनुनादक मंडल हाच संवेदक मानायचा. त्याच्यावर मिलिमीटर-तरंग पडले की त्याचा स्वर थोडा उतरतो, आणि तेवढेच वाचायचे. प्रत्येकाचा स्वर निरनिराळा कोरला तर शेकडो संवेदक एकाच समाक्ष तारेवर सुखाने नांदतात, आणि थंडीत स्क्विडही लागत नाहीत, एक प्रवर्धक पुरतो. सगळा भार उबदार खोलीतील इलेक्ट्रॉनिक्सवर येतो: त्याने शेकडो स्वर एकत्र गुंफून खाली पाठवायचे, परत आलेल्या मिश्रणातून प्रत्येकाचा आयाम आणि कला अलग करायची, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा करीत राहायचे.

ध्यानात घ्यावे असे येथे हे आहे की, हे स्वर स्वतः मिलिमीटर-तरंगांचे नसतात. अशा कित्येक संवेदकांत ते अर्ध्या गिगाहर्ट्झपासून काही गिगाहर्ट्झपर्यंत असतात. म्हणजे शेकडो गिगाहर्ट्झच्या आकाशीय प्रारणाचे वृत्त, त्याहून शेकडो पटीने संथ अशा रेडिओ-स्वरांच्या खांद्यावरून वर येते. आणि त्या संथ स्वरांच्या प्रदेशात पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, जिला सगळे जीएमआरटी म्हणतात, अहोरात्र कान लावून बसलेली असते.

त्या दुर्बिणीची परंपरा कल्याणपासून सुरू होते. गोविंद स्वरूप १९६३ साली स्टॅनफर्ड सोडून होमी भाभांच्या संस्थेत आले, आणि सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथील ३२ लहान तबकड्या, ज्या ऑस्ट्रेलियाने भारतास भेट दिल्या होत्या आणि काही काळ दिल्लीत पडून होत्या, त्या त्यांनी कल्याणला आणून १९६५ साली भारतातील पहिली मोठी रेडिओ-व्यतिकरण दुर्बीण उभी केली. ६१० मेगाहर्ट्झवर तिने सूर्याचे निरीक्षण केले. मग उटीची दंडगोलाकार दुर्बीण, आणि १९९० च्या दशकात खोडदच्या परिसरात पंचवीस किलोमीटरांत पसरलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. तबकड्या सर्वांना दिसतात. महामार्गावरून जाणारा वाटसरूही गाडी थांबवून पाहतो. मात्र प्रत्येक तबकडीचा संकेत प्रकाशतंतूवरून ज्या मध्यवर्ती इमारतीत येतो, तेथल्या कपाटांत जे घडते त्यावरच शेवटी आकाशाचे चित्र ठरते. आरंभी तेथील सहसंबंधक, म्हणजे तबकड्यांचे संकेत एकमेकांशी ताडणारे यंत्र, ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा हाताळी. यशवंत गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या नूतनीकरणात ही रुंदी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत नेली गेली, आणि त्या कामासाठी रोच नावाची जी पटले बसविली ती बर्कलेतील डॅन वर्थायमर यांच्या पुढाकाराने चाललेल्या कॅस्पर या खुल्या सहकारातून आणि दक्षिण आफ्रिकेच्या रेडिओ-दुर्बीण प्रकल्पातून निर्माण झालेली होती. खोडदला हे पटल संकेताचे अंकांत रूपांतर करून ते पुढे ग्राफिक-प्रक्रियकांकडे धाडते, आणि तेथे फूरिए-रूपांतराने पट्टा हजारो बारीक वाहिन्यांत वाटला जातो.

हेच रोच पटल, केवळ आतील मांडणी बदलून, गतिज-प्रेरकत्वाच्या संवेदकांचे वाचक ठरले. २०१० च्या सुमारास कॅलटेकच्या मंडळींनी त्यावर अशा संवेदकांसाठी खुली वाचनयंत्रणा रचली. आणि त्याचीच पुढची आवृत्ती घेऊन ब्लास्ट-टीएनजी ही बलून-दुर्बीण २०२० च्या जानेवारीत अंटार्क्टिकावरून आकाशात गेली. तिचे उड्डाण यांत्रिक बिघाडाने लवकर आटोपले, तरी फुग्याखाली टांगलेल्या त्या पटलांनी स्वरांच्या पट्टीतून संवेदकांचे वृत्त वेगळे करून दाखविले. खोडदचा अभियंता आणि अंटार्क्टिकाचा अभियंता यांची यंत्रशाळेतली भाषा अशा रीतीने एकच झाली: रुंद पट्टा, बारीक वाहिन्या, आयाम, कला. एकाच्या पट्ट्यात दूरच्या आकाशगंगांचा आवाज असतो, दुसऱ्याच्या पट्ट्यात ॲल्युमिनियमच्या चिमुकल्या मंडलांचा. पटलाला हा भेद ठाऊक नसतो, आणि त्याची त्याला गरजही नसते. आपल्या राज्यातील विद्यार्थ्यास मिलिमीटर-खगोलशास्त्राचे दार कोठून उघडते असे मला कोणी विचारले, तर आटाकामाच्या आधी मी खोडदचे नाव घेईन.

राहता राहिला अतिसंवाहक स्वतः. कुलाब्याच्या टाटा संस्थेत आर. विजयराघवन यांच्या प्रयोगशाळेत गेली काही वर्षे जोसेफसन-अडसरांची मंडले बनविली जातात. ती आकाशाकडे पाहत नाहीत, त्यांचा उपयोग क्वांटम संगणकाचे बिट म्हणून होतो. तथापि त्यांचे वाचन करण्याची रीत आपल्या परिचयाची आहे: शून्यालगत थंड केलेले अनुनादक मंडल, त्याच्याकडे पाठविलेला सूक्ष्मतरंगांचा स्वर, आणि परत आलेल्या स्वराच्या कलेवरून आतील अवस्थेचा निर्णय. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सहा बिटांच्या अशा प्रक्रियकाची संपूर्ण चाचणी यशस्वी झाली. त्यातील मंडले कुलाब्यात आखली आणि घडविली गेली होती. त्यांना स्वर पाठविणारे आणि परतलेले स्वर वाचणारे इलेक्ट्रॉनिक्स संरक्षण संशोधन संघटनेच्या पुण्यातील तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने, बाजारात मिळणारी साधने आणि खास आज्ञावली भरलेली पटले एकत्र बांधून, तयार केले होते. आणि दुरून हुकूम देण्याची सोय टाटा कन्सल्टन्सीने केली होती. अतिसंवाहकाचे वाचन करण्याचे हे शास्त्र आज मुंबई-पुण्याच्या दरम्यान चालू आहे, आणि त्याचा मोहरा आकाशाकडे वळवायचा तर लागणारी मंडले, पटले आणि माणसे एकाच दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात आहेत.